छपरीवरचा आक्षेप

सरकारी ऑडिटमध्ये नोकरीला लागलो तेव्हा आमच्या घरात कुणालाच ते काम नेमकं काय ते कळलं नव्हतं. आई शेजारणींना सांगायची, "पोरगा लोकांच्या चुका काढाले जाते." सुरुवातीची दोन वर्षं मलाही तसंच वाटत होतं. अमरावतीच्या कचेरीतून निघायचं, एखाद्या शाळेत किंवा दवाखान्यात जाऊन बसायचं, पावत्या पाहायच्या, सामान मोजायचं आणि जे नियमात बसत नाही त्यावर आक्षेप लिहायचा. लिहून झालं की पुढच्या गावाला.

माझे वरिष्ठ या कामात मुरलेले होते. त्यांच्याकडे मी शिकाऊ म्हणून दिलेला होतो. सडसडीत अंगाचे, बंद गळ्याचा कोट, डोक्यावर काळी टोपी. दौऱ्यावर निघताना ते पाण्याचा तांब्या आणि दशम्यांचं फडकं घरून घ्यायचे. ज्या कचेरीची तपासणी चालू असेल तिथला चहासुद्धा ते प्यायचे नाहीत. "चहाचं काही नाही हो," ते मला म्हणाले होते, "पण उद्या आक्षेप लिहिताना तोंडात त्याची चव राहते." लोक त्यांना टरकून असत. मीही थोडा टरकूनच होतो, पण त्यांच्याबद्दल वावगा शब्द मात्र कधी कुणाकडून ऐकला नाही.

ही हकीकत पन्नास सालानंतरची, विदर्भ मुंबई राज्यात जाण्याच्या थोडी आधीची. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला तालुका होता आणि रिसोड, केनवड, रिठद ही सगळी गावं वाशीमच्याच पोटात. केनवडच्या पलीकडे एका मोठ्या गावात सरकारनं नवा दवाखाना काढला होता आणि त्याला जोडून बाळंतपणाची एक खोली बांधली होती. त्या गावाचं नाव लिहीत नाही. आम्ही वाशीमपर्यंत रेल्वेनं गेलो, तिथून सर्व्हिसच्या मोटारीनं, आणि मोटार जिथं सोडून गेली तिथून बैलांच्या दमणीनं. थंडीचे दिवस होते. शेतात कापूस फुटलेला, बायका तो वेचून ओटीत भरत होत्या आणि दमणी दिसली की कमरेवर हात ठेवून उभ्या राहून पाहत होत्या.

माझे हे साहेब आदल्या वर्षीही या दवाखान्यात तपासणीला येऊन गेले होते. मी पहिल्यांदाच जात होतो.

दवाखान्यात डॉक्टरची जागा रिकामी होती. कारभार एक नर्सबाई आणि एक कंपाउंडर पाहत होते. बाई नागपूरकडच्या, चाळिशीच्या आसपासच्या, पांढऱ्या सुती लुगड्यातल्या. त्यांनी आम्हाला टेबल झाडून दिलं, किल्ल्या समोर ठेवल्या आणि म्हणाल्या, "सगळं आहे, पाहून घ्या."

आणि खरंच सगळं होतं. औषधाच्या कपाटातल्या कुप्या, गॉज, बँडेज, कंदील, बादल्या, लोखंडी खाटा, लाल कांबळी. कागदावर जे लिहिलं होतं ते जागेवर होतं. सामानाच्या कोठडीत भिंतीला लावून टिनाचे पत्रे रचून ठेवले होते, तेही बरोबर निघाले. मी मनातून खूश झालो. अशी स्वच्छ तपासणी क्वचितच मिळते.

शेवटी आम्ही बाळंतपणाच्या खोलीत गेलो. भिंती पांढऱ्याशुभ्र, फरशी आरशासारखी. खाटांवरच्या चादरींना पेटीतल्या घड्यांच्या रेषा तशाच होत्या. त्या चादरींवर कित्येक महिन्यांत कुणी निजलेलं दिसत नव्हतं.

"बाई, ही खोली वापरात नाही का?" मी विचारलं.

"पहिले होती," त्या म्हणाल्या. "रिठदपासून बाया यायच्या. आता येत नाहीत."

"का?"

बाईंनी माझ्याकडे न पाहता साहेबांकडे पाहिलं. "साहेबांना माहीत आहे," त्या हळूच म्हणाल्या.

साहेब खिडकीशी उभे होते. त्यांनी घसा साफ केला. "छपरीचं म्हणता?"

"हो साहेब."

मग मला कळलं ते असं. इमारतीचं काम संपल्यावर काही पत्रे आणि बांबू उरले होते. बाईंनी गावातल्या माणसांना हाताशी धरून खोलीच्या मागं एक छपरी उभी केली. तिच्याखाली चुली मांडल्या. बाळंतिणीबरोबर आलेली आई किंवा सासू तिथं पाणी तापवायची, भाकरी टाकायची, निखारे घेऊन शेक द्यायची. आदल्या वर्षी साहेब तपासणीला आले तेव्हा त्यांनी आक्षेप लिहिला. सरकारी सामानातून मंजुरीशिवाय बांधकाम. छपरी काढावी आणि पत्रे कोठडीत जमा करावेत. वरून तसा हुकूम आला. छपरी निघाली. आम्ही सकाळी मोजलेले पत्रे ते हेच.

बाईंच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

आमचा मुक्काम गावच्या शाळेत होता. दिवेलागणीला दशम्यांचं फडकं सोडून बसलो तेव्हा मी धीर करून विषय काढला. "साहेब, तो आक्षेप..."

"चुकीचा होता असं म्हणायचंय तुम्हाला?"

मी हातातली दशमी मोडत राहिलो.

त्यांनी लोणच्याची फोड बाजूला सारली. "दुसऱ्या एका गावात असेच पत्रे उरले होते. तिथल्या माणसानं चांगल्या हेतूनं छपरी केली. पुढं मी गेलो तेव्हा पत्रे कुणाच्या तरी गोठ्यावर होते. सगळ्या गावाला माहीत, पण बोलायला कोणी तयार नाही. तेव्हापासून मी ठरवलं, जिथं मंजुरी नाही तिथं मी चांगला हेतू पाहणार नाही. हेतू मोजता येत नाही हो. पत्रे मोजता येतात."

ते म्हणत होते ते खोटं नव्हतं. पण त्या घडीच्या चादरी माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. जेवण झाल्यावर साहेबांनीही रोजच्यासारखी विडी ओढली नाही. ते तसेच भिंतीला टेकून बसले होते.

दुसऱ्या दिवशी केनवडचा बाजार होता. सकाळपासून रस्त्यानं गाड्या चालल्या होत्या. आम्ही दवाखान्याच्या ओसरीत कागद घेऊन बसलो होतो, तेवढ्यात एक गाडी रस्ता सोडून आवारात शिरली. गाडीत गवत पसरून त्यावर वाकळ टाकलेली आणि वाकळेवर एक पोरसवदा बाई कुशीवर पडून कण्हत होती. गाडी हाकणारा तिचा बाप. शेजारी तिची आई, लेकीचं डोकं मांडीवर धरून बसलेली. शेतकरी माणसं होती. बापाच्या धोतराला अजून कापसाचे पुंजके चिकटलेले.

नर्सबाई धावतच गेल्या. पोटाला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "आत घ्या, लवकर."

आई खाली उतरली. पण लेकीला उतरवण्याआधी ती खोलीच्या मागं जाऊन आली. परत आली ती कपाळाला आठ्या घालून.

"बाई, छपरी कुठी गेली?"

"काढली माय."

"मंग मी चूल कुठी मांडू? पाणी कायच्यावर तापवू?"

"मी माझ्या स्टोव्हवर देते पाणी."

"अवो बाई, एका गंजभर पान्यानं होते काय? तिले आज पाणी पाह्यजे, उद्या पाह्यजे. तिले गरम खायाले कोन देईन? शेक कोन देईन? थंडीचे दिस हायेत." तिनं नवऱ्याकडे वळून सांगितलं, "चला जी, घरी नेऊ. सुईणीले बलावू."

बाप बैलांना वळवायला लागला. नर्सबाईंनी पुढं होऊन जू धरलं. "अहो, मूल आडवं लागल्यासारखं वाटतंय मला. रस्त्यात काही झालं तर? माझं ऐका."

"तुमचं ऐकलंच होतं न बाई," आई म्हणाली. "माही मोठी पोरगी इथंच बाळंत झाली. बरं झालं सगळं. म्हणून तं आणली हिले. पण तवा छपरी होती."

मी साहेबांकडे पाहिलं. ते केव्हा उठले ते मला कळलंच नव्हतं. ते ओसरीच्या पायऱ्या उतरून गाडीजवळ गेले.

"बाई," ते त्या आईला म्हणाले, "इथं पक्की खोली आहे. खाटा आहेत, औषधं आहेत, नर्सबाई आहेत. काय कमी आहे?"

"चूल कमी हाय, साहेब."

एवढंच बोलून ती लेकीचा घाम पुसायला लागली. मग मान वर करून तिनं विचारलं, "ती छपरी मोडली कोनं?"

कंपाउंडर जमिनीकडे पाहायला लागला. बाईंनी जू सोडलं नव्हतं.

"मी," साहेब म्हणाले.

"काहून?"

"ती कागदावर नव्हती."

तिला ते उत्तर नीट समजलं असेल असं मला वाटत नाही. ती म्हणाली, "नव्हती तं लिहून घ्याची," आणि तेवढ्यात लेकीला जोराची कळ आली, ती किंचाळली, आणि बोलणं तिथंच तुटलं.

साहेबांनी कंपाउंडरला हाक मारली. "कोठडी उघडा."

"साहेब?"

"कोठडी उघडा. पत्रे बाहेर काढा."

कंपाउंडरनं बिचाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला त्या पत्र्यांची धास्ती बसली होती. "साहेब, हुकूम नाही तसा. तुमचाच शेरा आहे."

"माझा शेरा मला ठाऊक आहे. पत्रे दवाखान्याचे आहेत. दवाखान्याच्या आवारात राहणार आहेत. कोठडीत आडवे ठेवायचे की बाहेर उभे, ते ऑडिट सांगत नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही लिहून घ्या. बाळंतिणीच्या सोबत्यांसाठी तात्पुरता निवारा, तपासणी अधिकाऱ्याच्या समक्ष. खाली मी सही करतो."

मी लिहिलं. त्यांनी उभ्या उभ्या सही केली, कोट काढून ओसरीच्या खुंटीला अडकवला आणि मागं गेले.

मुलीला आत नेलं. तिची आई आता एका शब्दानं नाही म्हणाली नाही. ती मागच्या बाजूला आली, जमीन पाहिली आणि वाऱ्याची बाजू कुठली ते पुरुषांना सांगायला लागली. बाजाराला निघालेली दोन माणसं आवाज ऐकून आत आली. बापानं गाडीचे दोर सोडले, कंपाउंडरनं बांबू आणले. साहेब एक बांबू दोन्ही हातांनी धरून उभे होते आणि त्यांची टोपी एका बाजूला सरकली होती. ती सरळ करायला त्यांचा हात मोकळा नव्हता. मी ती करून दिली. ते हसले नाहीत, पण "हं" म्हणाले.

धूर निघाला तेव्हा पत्रे अजून नीट बांधलेही नव्हते. आईनं दगड लावून चूल पेटवली होती.

पुढचं आम्ही बाहेर बसूनच ऐकलं. दुपार कलायला लागली. बाईंचा आवाज यायचा, कधी समजावणीचा, कधी दरडावल्यासारखा. मग बराच वेळ काहीच ऐकू येईना. बाप गाडीच्या चाकाला पाठ लावून बसला होता, हातातली तंबाखू तशीच. साहेब पुढ्यातलं एकच पान उलटं-सुलटं करत होते.

मग मूल रडलं. पहिल्यांदा बारीक, मग चांगलं खणखणीत.

बाप उठला, पण बाईंनी दार उघडलं नाही. आतून कंपाउंडरला हाक आली आणि तो औषधाच्या कपाटाकडे पळाला. रक्त थांबत नव्हतं. मी त्याच्या हातात पाहिलं, तर आदल्या दिवशी ज्या कुप्या आम्ही उजेडाला धरून मोजल्या होत्या, त्यातलीच एक होती. तिच्यावरचं नाव मी स्वतः लिहून घेतलं होतं, पण ती कशासाठी असते ते विचारलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं बाई दारात आल्या. लुगड्याचा पदर खोचलेला, चेहरा उतरलेला. त्या उंबऱ्यावरच बसल्या. "मुलगी झाली," त्या बापाला म्हणाल्या. "मूल फिरवून घ्यावं लागलं, पण दोघी बऱ्या आहेत. थांबलं सगळं." मग पदरानं तोंड पुसून, "घरी असती तर मला नाही वाटत..." एवढं म्हणून त्या थांबल्या.

बाप बैलांपाशी गेला आणि त्यांच्या मानेवरून पुन्हा पुन्हा हात फिरवत राहिला.

संध्याकाळी आजी झालेल्या त्या बाईनं नव्या चुलीवर गुळाचा चहा केला आणि पहिली वाटी साहेबांपुढं धरली. मला वाटलं, आज तरी घेतील. त्यांनी हात जोडले. "नाही बाई. तपासणी चालू आहे माझी."

"हा कोनता मानूस हाय वं?" तिनं नर्सबाईंना विचारलं. "आमच्यासाठी बांबू धरते अन् चहा नाही घेत!"

नर्सबाई त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. मी दोन वाट्या प्यालो.

आता खरी अडचण पुढं होती. अमरावतीला आल्यावर साहेबांनी अहवाल लिहायला घेतला. आपलाच आक्षेप आपणच मागं घ्यायचा, तोही लेखी, हे आमच्या कचेरीत कुणी केलेलं नव्हतं. त्यांनी तो लिहिला. आणि त्याखाली एक जास्तीचा परिच्छेद जोडला. या खोलीवर झालेला खर्च नियमाप्रमाणे झाला, हिशेब बिनचूक आहे. तथापि ज्या कामासाठी खर्च झाला ते काम वर्षभर बंद होते आणि ते बंद पडण्याचे कारण आमचा आक्षेप हे होय.

दोन दिवसांत आमच्या मोठ्या साहेबांचं बोलावणं आलं. मला बरोबर नेलं होतं ते साक्षीला असावं.

"हे काय आहे?" मोठ्या साहेबांनी अहवाल टेबलावर टाकला. "आपण पैसा कसा खर्च झाला ते पाहतो. खोलीत बाळंतपणं होतात की नाही हे आपलं काम नाही. ते आरोग्य खातं पाहील."

"त्यांना विचारलं तर ते म्हणतील, ऑडिटनं बंद पाडलं."

"म्हणू दे."

"पण साहेब, ते खरं आहे."

माझे वरिष्ठ उभेच होते. त्यांना बसा म्हटलेलं नव्हतं. ते शांतपणे बोलत राहिले. "इतकी वर्षं मी हेच काम केलं. पैसा चोरीला जाऊ नये म्हणून. तो चोरीला गेला नाही, तिथं कुलूप लावलेल्या खोलीत पडून राहिला. लोकांच्या दृष्टीनं दोन्हीत फरक काय? आपण खर्च पाहायला जातोच. त्याच खेपेला तो उपयोगी पडला की नाही, एवढं विचारलं तर कुठं बिघडतं?"

"आणि पत्रे गोठ्यावर गेले तर?"

"तर मी आक्षेप लिहीन. माझा हात काही थकलेला नाही."

मोठ्या साहेबांना हसू आलं. त्यांनी अहवाल पुन्हा ओढून घेतला. तो परिच्छेद अहवालात ठेवता येणार नाही, पण सोबतच्या पत्रात घालू, असं त्यांनी सांगितलं. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "साहेब, निम्मं तरी झालं." ते म्हणाले, "पत्र लोक आधी वाचतात. अहवाल कोण वाचतं?" त्या दिवशी त्यांनी कचेरीसमोरच्या हॉटेलात मला चहा पाजला आणि स्वतःही घेतला.

पण लगेच काही झालं नाही. राज्यं बदलली. नागपूरला जाणारे कागद आता मुंबईला जायला लागले आणि गठ्ठ्यांच्या त्या हलवाहलवीत आमचं पत्र कुठंतरी दडपलं गेलं. साहेबांनी दुसरं लिहिलं. त्याचंही उत्तर आलं नाही तेव्हा तिसरं. मधल्या काळात त्यांनी आमच्या वाट्याच्या प्रत्येक दवाखान्यात बाळंतपणाची खोली स्वतः उघडून पाहायचा नेम धरला. सगळीकडे छपरीनं सुटणारा प्रश्न नव्हता. एका ठिकाणी नर्सच नव्हती, आणि ती आमच्या हयातीत येईल असं दिसत नव्हतं. एका ठिकाणी खोलीचं दार नेमकं चावडीकडे उघडत होतं. तिथं बसलेल्या पुरुषांसमोरून कुठली बाई आत जाईल? त्या गावी मात्र गोष्ट सोपी निघाली. गावकऱ्यांनीच मागच्या बाजूनं भिंत फोडून दार बसवलं आणि साहेबांनी त्यावर आक्षेप घेतला नाही. नुसतं लिहिलं, दार पाहिले, वापरात आहे.

साहेब निवृत्त झाले त्याच वर्षी मंजुरी आली. छपरीच्या जागी पक्की सैपाकखोली, आणि तीही सगळ्या नव्या दवाखान्यांना. आमच्या पत्रामुळंच आली असं मी म्हणणार नाही. आणखीही कुणी कुणी लिहिलं असेल. साहेबांना मी घरी जाऊन सांगितलं. ते अंगणात कपडे वाळत घालत होते. "नकाशात धुराडं दाखवलंय का?" त्यांनी विचारलं. दाखवलेलं होतं. "मग ठीक," म्हणाले आणि उरलेलं धोतर झटकून दोरीवर टाकलं.

त्यानंतरच्या थंडीत मी एकटाच केनवडपलीकडच्या त्या गावी तपासणीला गेलो. आता मीच वरिष्ठ होतो. लांबूनच बाळंतपणाच्या खोलीमागं धूर दिसला. आवारात दोरीवर दुपट्यांची रांग, सैपाकखोलीत तीन बायका तीन चुलींपाशी आणि कुणाच्या चुलीपुढं कुणी आधी बसायचं यावरून बारीकसं भांडण. खाटा भरलेल्या होत्या. एक बाळंतीण तर खाली चटईवर होती. तिला खाटेची भीती वाटते, असं कळलं.

नर्सबाई केसांनी थोड्या पांढऱ्या झाल्या होत्या. मला वाटलं, त्या साहेबांची चौकशी करतील, मग जुनं काही निघेल. त्यांनी चौकशी केली, पण उभ्या उभ्याच.

"साहेब, ते कागद मागाहून पाहा," त्या म्हणाल्या. "आधी माझं ऐका. इतक्या बाया येऊन राहिल्या, पाणी पुरत नाही. गावच्या विहिरीवरून दिवसभर घागरी आणाव्या लागतात. आवारात विहीर पाहिजे. कुठल्या कागदावर लिहायची ते तुम्ही सांगा, म्हणजे मागून कोणी मोडायला नको."

मी पिशवी टेबलावर ठेवली. "जागा कुठली म्हणता?"

"या, दाखवते," म्हणून त्या पुढं चालायला लागल्या, आणि चुलीपाशी भांडणाऱ्या त्या बायकाही, हातातलं काम टाकून, पाणी कुठं लागेल ते सांगायला आमच्या मागोमाग आल्या.